बादलीच्या तळाचा गाळ

मे महिन्याच्या दुपारी कंधारच्या बसस्थानकाकडच्या रस्त्याला एखादी काळी नाहीतर गडद निळी गाडी उन्हात उभी दिसली, तर तिच्या बॉनेटजवळ जरा वाकून पाहावं. सूर्य जिथं चकाकतो त्या ठिपक्याभोवती बारीक चऱ्यांची वेटोळी दिसतात, कोळ्यानं जाळं विणावं तशी. मालकाला विचारलं तर तो सांगतो, गाडी कुठं घासली नाही, कोणाच्या हातात दिली नाही, रोज सकाळी स्वतः पुसतो. त्याचं म्हणणं खरं असतं आणि चऱ्यांचं कारणही त्यातच असतं.

मुळात ते चरे गोल नसतातच. आडवे, उभे, तिरपे, कसेही पडलेले असतात. प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं भासतात. दोन पावलं बाजूला सरकलं की वर्तुळंही आपल्याबरोबर सरकतात. म्हणजे दिसतात त्याच्या कितीतरी पट चरे तिथं पडलेले असतात.

ते पडतात कशावर, हे आधी पाहू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर फॉस्फेटचा हात असतो, त्यावर गंज रोखणारा प्रायमर, मग एक मधला थर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप. गॅरेजवाले त्याला नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअरचा वाटा जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण पैसे मोजलेले असतात ती सगळी केसाहून पातळ अशा प्लास्टिकच्या पापुद्र्यात असते. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनंही याच पापुद्र्यात मिसळलेली असतात. तो झिजला की खालचा रंग उघड्यावर येतो.

आणि समोर उभी कोण, तर आपली धूळ. कंधारची काळी माती म्हणजे बेसाल्टच्या कातळाची हजारो वर्षांची झीज. तिच्यातली चिकण भिजली की मऊ होते, वाळली की पत्र्याला धरून बसते. पण त्या चिकणीत न झिजलेले कणही असतात, फेल्डस्पारचे, पायरॉक्झिनचे, गारगोटीचे. कंधारच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे काळा कातळ संपून ग्रॅनाइट लागतो, तिथल्या वाळूत तर गारगोटी भरपूर. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापावर गारगोटी सातव्या पायरीवर, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. क्लिअर तर काचेच्याही पुष्कळ खाली. वाळूच्या हायवामागून नांदेडपर्यंत गेलेल्या गाडीवर सकाळी कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

मग हा घासणारा हात आला कुठून? माझ्या मते तो बैलाच्या पाठीवरून आला.

कंधारचं नाव दूरवर कोणी नेलं, किल्ल्यानं की बैलानं, यावर गावात सहज वाद घालता येईल. किल्ला राष्ट्रकूटांची आठवण सांगतो. गावाजवळचा जगत्तुंग तलावही त्यांच्याच काळचा. पण पशुपैदाशीच्या पुस्तकांत कंधार शिरलं ते लाल कंधारी गोवंशामुळं. गडद लाल कातडं, मध्यम बांधा, उन्हातान्हात औत ओढणारा काटक बैल. कंधार, लोहा, मुखेड, नायगाव आणि पलीकडे लातूर जिल्ह्यात अहमदपूरपर्यंत ही जात दिसते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं यांच्याबरोबर हे बैलही मिरवतात. तिथं जनावराची किंमत ठरवताना पहिली नजर जाते ती कातडीवर. कातडी तुकतुकीत म्हणजे धन्यानं हात फिरवलाय, एवढी साधी परीक्षा.

हात फिरवणं म्हणजे घासणं. पोळ्याच्या निमित्तानं बैल नदीवर किंवा ओढ्यावर जात. पोटापर्यंत पाण्यात उभे करून त्यांना काही वेळ तसंच सोडायचं, तोवर माणसं बिडी ओढत काठावर बसायची. अंगावरचं शेण, वाळलेला चिखल फुगून मऊ झाला की मग गवताच्या बोळ्यानं नाहीतर तरटाच्या तुकड्यानं खसाखसा चोळायचं आणि पुन्हा पाण्यात लोटायचं. खांदेमळणीला जू घासून निबर झालेल्या खांद्यांना हळद आणि तूप. पोळ्याला शिंगांना रंग आणि बेगड. घोड्याच्या बाबतीत तर यासाठी खास हत्यार होतं, खरारा. दातेरी लोखंडी पट्ट्यांच्या खराऱ्यानं मोतद्दार रोज घोडं खरवडून काढायचा. त्यानं मेलेले केस निघत, कातडीत रक्त खेळे, घोडं खूश राही.

यात चूक काहीच नाही. कातडी जिवंत असते, वरचा थर गेला की खालून नवा येतो. जनावराला घासणं ही त्याची सेवाच. तांब्या-पितळेची भांडी राखेनं आणि चिंचेनं घासणं, पाटा-वरवंटा घासणं, दगडी ओटा घासणं, या सगळ्यांतही घासल्यानं वस्तू खुलते. शेकडो वर्षं मराठी घरात प्रेमानं राखायच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला घासणं मानवत आलं. मग दारात अशी एक वस्तू येऊन उभी राहिली की जिला ते मानवत नाही. तिला खालून नवा थर येत नाही. पण हे कोणी सांगितलं नाही, कारण ती आली तेव्हा तिलाही घासणं मानवत होतं. या गोष्टीतला मला सगळ्यात गमतीचा वाटणारा भाग इथंच आहे.

मोटारीचा रंग हा बग्गीच्या रंगाचा थेट वारस. विलायतेत बग्ग्यांवर तेलाच्या वार्निशाचे एकावर एक हात देत. प्रत्येक हात वाळायला दिवस लागत, सगळं काम तीन-चार आठवड्यांचं. हे वार्निश नाजूक असे, म्हणून श्रीमंतांच्या बग्ग्या धुणाऱ्या नोकरांसाठी नियम ठरलेले होते. उन्हात धुवायचं नाही. चिखल अंगावर वाळू द्यायचा नाही. आधी नुसतं थंड पाणी भरपूर सोडून चिखल वाहू द्यायचा. मग स्पंज, तोही सारखा पाण्यात पिळत. चाकांचा स्पंज निराळा, अंगाचा निराळा. शेवटी मऊ कमावलेल्या चामड्यानं पाणी टिपायचं, पुसायचं नाही. बग्गीखाना तबेल्यापासून दूर ठेवत, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेतून येऊन वार्निश मारायचा. आज पुण्या-मुंबईचे डिटेलिंगवाले हेच नियम नवा शोध असल्यासारखे सांगतात.

हैदराबाद संस्थानात हे नियम राजवाड्यापर्यंत येऊन थांबले असावेत. सहाव्या निजामानं, महबूब अली खानानं मागवलेली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आजही हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. आत सिंहासनासारखी बैठक असलेली ही सिल्व्हर घोस्ट त्याच्या मृत्यूनंतर पोचली आणि मिरवणुकीपुरतीच चालली. तिच्या अंगावर बग्गीचंच वार्निश होतं आणि तिला सांभाळायला माणसांची वाण नव्हती. कंधार त्याच निजामाच्या मुलखात. पण इथं दमणी आणि छकडे होते. छकड्याला रंग नसतो. चाकाला वंगण लागतं आणि धाव सैल झाली तर लोहार लागतो. धुण्याचा प्रश्न फक्त बैलापुरता.

जिल्ह्यांच्या गावांत मोटार पहिल्यांदा सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती सरकारी बसच्या रूपानं. निजामाच्या रेल्वे खात्यानं जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६१ मध्ये इथल्या बसगाड्या एसटीत मिसळल्या. बस आणि मालट्रक धुणारा माणूस म्हणजे क्लीनर. त्याच्या हाती नळी, खराटा, कापसाच्या धाग्यांचा गुंता. त्या गाड्यांवर जाड एनॅमल हातानं मारलेलं असे आणि दर काही वर्षांनी पुन्हा मारलं जाई. तिथं खराटा चालून गेला. खराट्याला कोणी हटकलं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं, कारण पुढं हाच क्लीनर जीप धुणार होता आणि नंतर कार.

इकडे रंगाचं शास्त्र बदलत होतं. हेन्‍री फोर्डनं १९१४ पासून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली, त्याला कारण डांबराच्या जातीचं ते काळं रोगण भट्टीत लवकर वाळायचं. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीचं नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आलं, नाव ड्यूको. फवाऱ्यानं मारायचं आणि काही तासांत वाळायचं. जनरल मोटर्सनं ते ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात वापरलं आणि आठवड्यांचं काम दिवसावर आणलं. हे नाव आपल्याकडे इतकं रुजलं की अजूनही नांदेडला कपाटाला किंवा स्कूटरला फवाऱ्याचा रंग देणं म्हणजे ‘ड्यूको मारणं’. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स नावानं सुरू झालेला कारखाना पुढं नेरोलॅक झाला. गाड्यांच्या रंगाचा मोठा व्यवहार त्याच्याकडे गेला.

अँबॅसडर आणि फियाट या दोन गाड्यांवर देशाच्या दोन-तीन पिढ्या निघाल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० पुढं पद्मिनी झाली. आमदार, डॉक्टर, कापसाचे अडते यांच्याकडे या गाड्या असत. त्यांचा रंग एकथरी होता. वर क्लिअर नाही, रंगच उघडा. दोन उन्हाळे गेले की वरचा पापुद्रा ऊन खाऊन निस्तेज आणि पिठूळ व्हायचा, बोट फिरवलं तर बोटाला रंग लागायचा. यावर उपाय एकच, घासणं. रबिंग कंपाउंड लावून फडक्यानं गोल गोल चोळलं की मेलेला थर निघायचा, खालून ताजा रंग उघडा पडायचा आणि गाडी लखलखायची. फडक्याला लाल किंवा निळा रंग उतरलेला दिसायचा आणि कोणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. मग मेणाचं पॉलिश. पिवळं फडकं याच काळातलं, प्रत्येक गाडीच्या काचेमागं घडी करून ठेवलेलं.

म्हणजे बैलाच्या पाठीवरून आलेली सवय इथं खरी ठरली. अँबॅसडरला दरवर्षी घासलं की ती दरवर्षी नवी दिसायची. थर जाड होता आणि संपलाच तर नांदेडच्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पाणीपेपर, लांबी आणि ड्यूको तयार होतं. त्या पिढीच्या ड्रायव्हरांनी पुढच्या पिढीला जे शिकवलं ते त्यांच्या गाडीपुरतं बरोबर होतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. मारुतीनं मध्यमवर्गाला गाडी दिली, पण रंगाच्या दृष्टीनं मोठा फरक पडला तो त्यानंतर, चमचमणारे मेटॅलिक रंग आणि त्यांच्यावरचा क्लिअर जेव्हा आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागला तेव्हा. क्लिअरखालचा रंग पिठूळ होत नाही, त्यामुळं घासून उकरायला खाली काही नाही. घासलं की फक्त क्लिअर जातो. त्याला पॉलिश करून चरे काढता येतात, पण प्रत्येक पॉलिश काही मायक्रॉन कापून नेतं आणि आपल्याजवळ आहेतच मुळी ३५ ते ५०. शिवाय फडक्याला रंग उतरत नाही. अँबॅसडरच्या फडक्यावर नुकसान निदान दिसत होतं, इथं क्लिअर पारदर्शक असल्यानं फडकं स्वच्छच राहतं. गाडी बदलली, हात तोच राहिला, आणि हाताला काही कळायची सोय उरली नाही.

हाताइतकाच दोष मी बादलीला देतो.

बैल नदीत धुतला जाई तेव्हा भिजवणं फुकटात होत होतं. वाहतं पाणी चिखल सोडवायचं आणि सोडवलेला चिखल घेऊनही जायचं. पहिल्या जीपा आणि काळीपिवळ्या अशाच ओढ्यात, मन्याडच्या पात्रात चाकं बुडेपर्यंत घालून धुतलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. नदीला त्याचा त्रास झालाच, ग्रीस-डिझेलचा तवंग काही देखणा नसतो, पण रंगाच्या बाजूनं पाहिलं तर ती धुलाई फार चुकीची नव्हती. बग्गीवाल्यांचा पहिला नियम, आधी भरपूर पाणी, तिथं आपोआप पाळला जात होता. आमच्या लोकांना हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. तो नदीला ठाऊक होता म्हणून त्यांना वेगळा शिकावा लागला नाही.

नदी आटली तसा नियमही आटला. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. मधल्या कित्येक उन्हाळ्यांत टँकर आला की घागरींची रांग हे नेहमीचं दृश्य. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन १२ एप्रिलला पोचली. त्याच्या आधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. ज्या गावात पाण्यासाठी जमावबंदी लावावी लागते तिथं गाडीवर नळी सोडणं हा नुसता अपव्यय नाही, ती निर्लज्जपणाची गोष्ट ठरते. माणूस काय करणार? एक बादली घेणार आणि एक फडकं.

त्या एका बादलीत जे होतं ते हळू पाहण्यासारखं आहे. कोरड्या धुळीच्या गाडीवर ओलं फडकं फिरतं. धूळ फडक्यात शिरते, काही सुटते, काही दाबली जाऊन पत्र्यावर ओढली जाते. फडकं बादलीत पिळलं जातं, खडा तळाला बसतो. दुसऱ्यांदा फडकं बुडवताना तळ ढवळला जातो आणि तेच कण पुन्हा फडक्यावर चढून दारावर जातात. तिसऱ्यांदा चाकं पुसून तेच फडकं परत बॉनेटवर येतं, आता ब्रेकच्या लोखंडी भुकटीसकट. बादलीतलं पाणी काळं होतं तशी गाडी स्वच्छ दिसत जाते आणि माणसाला समाधान वाटतं. फडकं म्हणजे बहुधा जुनं बनियन नाहीतर धोतराचा तुकडा. हाताला मऊ लागतो, पण विणकाम सपाट, कणाला आत दडायला जागा नाही. कण कापड आणि क्लिअर यांच्यामध्येच अडकून राहतो. बनियनची शिवण तर वेगळीच. कपाटाच्या कोपऱ्यातल्या प्रत्येक जुन्या कपड्याला गाडी हे ठिकाण ठरलेलं असतं, त्याला काटकसरीचं पुण्यही जोडलेलं आहे, त्यामुळं त्यावर बोललेलं घरात आवडत नाही.

पाण्याची ददात नसलेल्या शहरांतही बादली एकच. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारा येतो. त्याला महिन्याच्या ठराविक पैशात ओळीनं डझन-दोन डझन गाड्या उरकायच्या असतात आणि बादली सगळ्यांना मिळून. पहिल्या गाडीची खडी शेवटच्या गाडीपर्यंत जाते. त्या माणसाला दोष देता येत नाही. जो दर आपण ठरवला आहे त्यात दुसरी बादली बसत नाही.

साबणाचा इतिहास लवकर सांगून टाकतो. जनावराला रिठा किंवा नुसतं पाणी, भांड्याला राख, कपड्याला सोडा. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. धुण्याची पावडर खेड्यापाड्यांत पोचवली ती १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमानं. पिशवी घरात आहे म्हटल्यावर मूठभर पावडर गाडीच्या बादलीत पडणारच. तिच्यातला सोडा कपड्यावरचं तेल काढायला असतो, तो गाडीवरचं मेणही काढतो. शिवाय पावडर नीट विरघळली नाही तर तिचे खडेही घासतात. याहून वाईट म्हणजे रॉकेलचा बोळा आणि वॉशिंग सेंटरवरचा डिझेलचा फवारा. डांबराचे ठिपके काढायला चिमूटभर रॉकेल समजू शकतो. पण ‘शायनिंगला’ म्हणून सगळ्या गाडीवर डिझेल मारतात, त्यानं गाडी गेटबाहेर पडेपर्यंत काळीकुळकुळीत चमकते आणि पाच मैलांवर त्याच तेलकटपणाला काळ्या मातीची धूळ चिकटून बसते. खिडक्यांची रबरं फुगतात ती वेगळी. मागणारे आहेत म्हणून मारणारे आहेत.

वॉशिंग सेंटर हा या घराण्यातला नवा वारस. जगात रांगेनं गाड्या धुण्याची सुरुवात डेट्रॉइटची. तिथं १९१४ च्या सुमारास गाड्या हातानं ढकलत एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेऊन धूत असत. पुढं फिरते ब्रश आले. जुन्या नायलॉनच्या ब्रशांनी जे चरे पाडले त्यामुळं त्यांचं नाव युरोप-अमेरिकेत चांगलंच खराब झालं. आपल्याकडच्या गावांत ब्रशाचं यंत्र न येता उच्च दाबाचा पंप आला, हे रंगाचं नशीबच म्हणायचं. १९५० मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड केर्शरनं गरम पाण्याचा असा पंप काढला. त्याचे दूरचे भाऊबंद आज कंधार, मुखेड, अहमदपूरच्या रस्त्यांवर बोअरच्या पाण्यावर घरघरत असतात. बाजूला टायर चढवायचा सिमेंटचा रॅम्प, फेसाची टाकी, खाटेवर मालक, गन हातात धरलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा.

गननं एक मोठी गोष्ट परत आणली, आणि ती म्हणजे नदी. अंगाला हात न लावता चिखल सोडवणं आणि वाहवणं पुन्हा शक्य झालं, तेही नळीपेक्षा कमी पाण्यात. पण पोराला गन कोणी शिकवलेली नसते. निदान हातभर लांबून, तिरपी धरली तर ती चिखल उचलते. वीतभरावरून सरळ रोखली तर दगड लागून टवका उडालेल्या जागी ती रंगाची कड उचलून सोलते, स्टिकर उडवते, दाराच्या रबरातून पाणी आत घालते. दुसरं, फेस. पांढरा फेस सगळ्या गाडीवर पसरला की तो फोटोत छान दिसतो. त्याचं काम धूळ फुगवण्याचं, त्याला चारपाच मिनिटं तसंच राहू द्यायला हवं, पण उन्हात वाळू द्यायचं नाही. बैल पाण्यात उभा करून काठावर बसणाऱ्या माणसांना ही पाच मिनिटं ठाऊक होती. रांगेत सहा गाड्या असलेल्या पोराला ती परवडत नाहीत. फेसावर लगेच स्पंज फिरतो, आणि स्पंज मघाशी चाकावर होता.

एवढं झाल्यावर पुसणं. शंभर मायक्रॉनची सगळी कहाणी शेवटी या कापडावर येते. कापडाच्या बाबतीत खरोखरच नवीन काही घडलं ते जपानमध्ये. १९७० मध्ये तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांचं कृत्रिम कापड बनवलं, तेव्हा उद्देश नकली चामड्याचा होता. पुढं पॉलिएस्टर आणि नायलॉनचा जोडधागा चिरून मायक्रोफायबरची फडकी आली. त्यांची लव उभी असते, कण लवेत वर ओढला जातो आणि पृष्ठभागापासून दूर राहतो. आपल्या बाजारात ही फडकी आता किराणा दुकानातही मिळतात. पण फडकं खाली पडलं, त्याला वाळू लागली, तरी झटकून तेच वापरतात, नाहीतर तेच निरमात टाकून पायपुसण्याबरोबर धुतात. मग ते धोतराच्या तुकड्याहून वाईट. लवेत अडकलेली वाळू सहज निघत नाही.

तेव्हा आपल्या मुलखात, आपल्या पाण्यात, गाडी धुवायची कशी? मी जे करतो आणि शेजाऱ्यांना न विचारता सांगतो ते असं. कोरडं फडकं आणि ती लांब दांड्याची झटकणी बंद. धूळ आहे तर आहे, धुळीनं रंग खराब होत नाही, धूळ हलवल्यानं होतो. सावली पडल्यावर, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा सुरुवात. पाणी थोडंच असेल तर ते बादलीत घालण्याआधी त्यातलं निम्मं झारीनं नाहीतर फवाऱ्याच्या पंपानं आधी अंगावर सोडावं आणि थांबावं. शेतातला फवारणीचा पंप यासाठी उत्तम, पण नवा घ्यावा, औषधाचा नको. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं किंवा लोकरीचा हातमोजा दर फेरीला आधी साध्या पाण्यात झाडायचा, मग शाम्पूत. बादलीच्या तळाशी जाळी टाकली तर खडा जाळीखाली बसतो, हात तिथवर जात नाही. टप, मग काचा, मग दारं, आणि चाकं शेवटी, दुसऱ्या कापडानं. सरळ रेषेत, वजन न देता. एवढ्याला वीस-पंचवीस लिटर पुरतात. चिखल नसेल, नुसती धूळ असेल, तर न धुता पुसायचे जे द्रव आले आहेत ते बादलीभर पाण्यात झाकणभर टाकून भागतं. लातूरसारख्या गावाला खरं तर तेच सोयीचं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा बोलबाला पुण्यात जास्त आहे.

बोअरच्या पाण्याचा एक वेगळा जाच. कातळातून आलेलं जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअरमध्ये रुतून बसतात. म्हणून धुणं झाल्यावर गाडी ‘वाऱ्यावर वाळू दे’ हा सल्ला इथं चालत नाही. मोठं मायक्रोफायबर अंथरून पाणी टिपायचं. पक्ष्याची विष्ठा मात्र तशीच ठेवू नये. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांत डाग पाडते. ओला कापूस तिच्यावर दहा मिनिटं ठेवून उचलावी.

दसऱ्याचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. खंडेनवमीला पूर्वी शस्त्रं पुजत, मग औत, मग ट्रॅक्टर, आता दारातली कार. ती धुवायची, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या गाडीवर भयंकर दिसतो, पण तो उन्हानं दोन-चार दिवसांत आपोआप फिका पडतो. त्याला घासायला जाऊ नये. कुंकवाचं तसं नाही. बाजारच्या कुंकवात रंग कोणता हे पुडीवर लिहिलेलं नसतं. माझ्या आईला मी बॉनेटऐवजी नंबर प्लेटवर स्वस्तिक काढायला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, बैलाच्या कपाळाला लावतो, का शेपटीला? त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आता काचेवर काढतो. काच कठीण असते आणि तिला क्लिअर नसतो.

अलीकडे नांदेडला सिरॅमिक कोटिंगचे फलक लागले आहेत. दहा-वीस हजार घेऊन काचेसारखा लेप देतात, पाणी थेंबाथेंबानं पळतं, माती कमी धरते. हे सगळं खरं, पण तो लेपही एक-दोन मायक्रॉनांचा. गारगोटीच्या कणापुढं त्याचं काही चालत नाही. गिऱ्हाईकाची मात्र समजूत होते की आता कसंही पुसलं तरी चालतं. कोटिंगवाल्यानं गाडी देताना सोबत दोन मायक्रोफायबर दिली होती का, आणि ती सध्या कुठं आहेत, एवढं विचारून पाहावं. बहुतेक ठिकाणी एक स्वयंपाकघरात गेलेलं असतं.